पुढचं चांगलं पुस्तक आधीच्या चांगल्या पुस्तकाच्या पोटात असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की राजकारण, फँटसी, सायन्स फिक्शन आणि प्रवासवर्णन हे चारही प्रकार आवडतात, 'वाचायलाच हवीत अशी शंभर' छापाच्या याद्या बघून पुस्तकं आणता, आणि दहातली सात-आठ पन्नासाव्या पानाच्या अलीकडेच सुटतात, मग चांगलं पुस्तक ओळखायचं कसं आणि शोधायचं कुठे. मी २८ वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली निम्मी देवघेव काउंटरवर आणि निम्मी पुस्तकनिवडीच्या टेबलावर, म्हणजे कोण काय हौसेने नेतं आणि काय न वाचता परत आणतं हे अगदी जवळून बघितलंय. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी एक सांगते, पुस्तकं सुटतात त्यात तुमच्या चिकाटीचा काही दोष नाही. यादी म्हणजे हजारो लोकांच्या आवडीची सरासरी, आणि सरासरी आवडीचा वाचक मला तरी इतक्या वर्षांत एकही भेटला नाही. शिवाय यादीत पुस्तक सुटं असतं, त्याला मागचं-पुढचं काही नसतं, आणि प्रत्यक्षात पुस्तकं अशी सुटी नसतातच. लिहिणाऱ्याने आधी कुणाकुणाला वाचलेलं असतं, कुणाशी भांडलेलं असतं, कुणी त्याचा अनुवाद केलेला असतो, आणि ही नावं बहुतेक वेळा त्याच पुस्तकात प्रस्तावनेत, ऋणनिर्देशात, टिपांमध्ये, संदर्भसूचीत पडून असतात. मला सांगायचंय ते खरं तर एवढंच, मनापासून आवडलेलं एक पुस्तक घ्या आणि त्याच्यातूनच पुढचं नाव काढा. खाली जे आहे ते हे कसं करायचं त्याबद्दल.

तारीख-पट्टीची गोष्ट सांगते. कॉम्प्युटर यायच्या आधी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक पट्टी डकवलेली असायची, पुस्तक बाहेर गेलं की तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का. पुस्तकांबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं या पट्ट्यांनी शिकवलं. एकदा निवडणुकीच्या तोंडावर एका पुढाऱ्याच्या चरित्राची फार चर्चा होती, सभासदांची मागणी बघून मी चार प्रती घ्यायला लावल्या. पहिले दोन महिने पट्ट्यांवर शिक्क्यांची नुसती दाटी, एकाखाली एक, काही तर वाकडे, घाईत मारलेले. आणि त्यानंतर पट्टी कोरी. पुढच्या सहा वर्षांत चार प्रती मिळून तीन शिक्के. त्या जागेत चार वेगळी पुस्तकं आली असती, ती चुटपुट मला अजून आहे. त्याच कपाटात खालच्या फळीवर एक प्रवासवर्णन होतं, त्याची मागणी कधी कुणी वहीत लिहिली नाही, पण दर वर्षी चार-पाच शिक्के, न चुकता, आणि मधेमधे मुदत वाढवून घेतल्याची पेनची खूण. पहिली पट्टी भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवली, तीही भरत आली. तेव्हापासून एखादं नाव कानावर आलं की मी पहिलं हे बघते की याच्याबद्दल लोक किती वर्षं बोलतायत, किती लोक बोलतायत ते नंतर.

खपावर तर अजिबात जाऊ नका. जॉर्ज ऑर्वेल स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेला, गळ्यात गोळी लागून वाचला आणि परत येऊन त्याने 'होमेज टू कॅटलोनिया' लिहिलं, १९३८ साली त्याच्या १५०० प्रती छापल्या आणि १९५० मध्ये तो वारला तोवर त्यासुद्धा पूर्ण खपल्या नव्हत्या. आज स्पेनच्या त्या युद्धाबद्दल कुणी वाचायला बसलं की या पुस्तकाचं नाव निघतंच. सायन्स फिक्शनमध्ये 'ड्यून'चं घ्या, फ्रँक हर्बर्टचं ते बाड वीसेक प्रकाशकांनी परत पाठवलं आणि शेवटी छापलं कुणी तर गाडी दुरुस्तीची मॅन्युअलं काढण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टन या प्रकाशनाने, १९६५ साली. पुढच्याच वर्षी त्याला ह्युगो आणि पहिलंवहिलं नेब्युला, सायन्स फिक्शनचे हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. म्हणून माझा एक साधा नियम आहे, ज्या विषयात मी नवीन आहे तिथे पाच वर्षांपेक्षा जुनं पुस्तक आधी घेते, पाच वर्षांत गवगवा बसलेला असतो आणि तरीही जे नाव कानावर येतं ते बहुधा दमदार असतं.

आता माग काढायचा म्हणजे नेमकं काय ते एका उदाहरणावर दाखवते. समजा तुम्हाला लिऊ छ्शिनचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' आवडलं. चिनी भाषेत ते २००६ मध्ये आधी मासिकात क्रमशः आलं, इंग्रजीत २०१४ मध्ये, आणि २०१५ मध्ये कादंबरीचा ह्युगो मिळवणारं ते पहिलं अनुवादित पुस्तक ठरलं. यादी तुम्हाला इथून लगेच 'असंच आणखी' म्हणून दुसऱ्या परग्रहवासीयांच्या कादंबरीकडे नेईल. ते करू नका, श्रेयपान उघडा, तिथे अनुवादकाचं नाव आहे, केन लिऊ. हा स्वतः कथाकार आहे आणि त्याने चिनी सायफाय कथांचा 'इन्व्हिजिबल प्लॅनेट्स' नावाचा संग्रह अनुवाद करून संपादित केलाय, २०१६ चा. त्या एका संग्रहात तुम्हाला सात लेखक भेटतात, त्यातली हाओ जिंगफांग ही बाई अशी की तिच्या एका कथेत शहर घडी घालून मिटतं आणि तीन थरांतली माणसं पाळीपाळीने जागी होतात, गरिबांच्या वाट्याला सगळ्यात कमी तास. ही कथा म्हणायला सायफाय आहे, पण श्रम आणि विषमता यावर इतकं नेमकं लिहिलेलं मी राजकारणाच्या कपाटातही फार कमी वाचलंय. बघा, एका श्रेयपानावरून आपण कुठे आलो. आणि जाता जाता, 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' हा तीन भागांच्या मालिकेतला पहिला, तिचा दुसरा भाग जोएल मार्टिनसनने अनुवादित केलाय, तिसरा परत केन लिऊने, दुसऱ्या भागात आवाज बदलल्यासारखा वाटला असेल तर ते कारण असू शकतं.

दुसरा माग उर्सुला ले ग्विनचा, हा माझा स्वतःचा, म्हणून जरा रेंगाळते. तिचं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' १९६९ चं, एक दूत अशा ग्रहावर जातो जिथली माणसं कायमची बाई किंवा कायमची पुरुष नसतात. मला त्यात काय धरून ठेवत होतं ते बरेच दिवस कळेना, मग लक्षात आलं की ती परक्या समाजाकडे बघते ते अगदी मानववंशशास्त्रज्ञासारखं, काय खातात, कशाचा मान राखतात, कशावरून अपमान होतो. चौकशी केली तर वडील आल्फ्रेड क्रोबर, नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ, आणि आई थिओडोरा क्रोबर, जिने कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस इशी याच्यावर १९६१ मध्ये पुस्तक लिहिलं. आईचं ते पुस्तक वाचलं आणि लेकीची कादंबरी परत वाचली तेव्हा दोन्ही पुस्तकं वेगळीच दिसायला लागली. पुढे कळलं की ले ग्विनने स्पॅनिशमधून अनुवादही केलाय, अंजेलिका गोरोदिशर या अर्जेंटिनाच्या लेखिकेचं 'काल्पा इम्पीरियल', एका कधीच नसलेल्या साम्राज्याच्या गोष्टी, कथेकऱ्याने सांगाव्यात तशा. फँटसी म्हणून सुरुवात होते आणि वाचता वाचता कळतं की सत्ता कशी चढते आणि कशी सडते याचं हे पुस्तक आहे. कुठल्याही 'टॉप' यादीत मला ते दिसलं नव्हतं. म्हणून म्हणते, आवडत्या लेखकाने दुसऱ्या कुणाचा अनुवाद केला असेल किंवा कुणाला प्रस्तावना लिहिली असेल तर ते पुस्तक डोळे मिटून उचला, अनुवादात माणूस महिनोन्महिने घालतो आणि नुसत्या भिडेखातर ते होत नाही.

अनुवादाचा विषय निघालाच आहे तर हे पण सांगून टाकते, कारण बरेच लोक पुस्तकाला नावं ठेवतात आणि दोष अनुवादाचा असतो. स्तानिस्वाव लेमचं 'सोलारिस' मूळ पोलिश, १९६१ चं. १९७० मध्ये इंग्रजीत आलं ते पोलिशवरून आलंच नाही, फ्रेंच अनुवादावरून केलेला अनुवाद होता तो, लेमला इंग्रजी वाचता येत होतं आणि त्याला तो पसंत नव्हता. थेट पोलिशवरून इंग्रजी यायला २०११ साल उजाडलं. मधली चाळीस वर्षं लोकांनी दोन गाळण्यांतून आलेला लेम वाचला. तेव्हा परभाषेतलं पुस्तक घेताना मूळ भाषा कुठली, अनुवाद थेट आहे का, संक्षिप्त आहे का, हे श्रेयपानावर बघायचं. ज्यूल व्हर्नचे सुरुवातीचे इंग्रजी अनुवाद तर भरपूर काटछाट केलेले होते आणि त्यावरून 'हा मुलांचा लेखक' असा शिक्का त्याच्यावर बसला तो बसलाच.

राजकारणाच्या पुस्तकांना मात्र वेगळी परीक्षा लावते, मलपृष्ठावरचा मजकूर न वाचता थेट शेवटी जाते, सूचीकडे, म्हणजे कुठला विषय कुठल्या पानावर ते सांगणाऱ्या इंडेक्सकडे. सूचीत काय बघायचं ते सांगते. तुम्हाला ज्या गोष्टीची आतून माहिती आहे ती शोधायची, शिक्षक असाल तर शाळा, बँकेत असाल तर कर्ज, आणि ते पान काढून वाचायचं. आमच्याकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक सभासद होते, ते कुठल्याही देशाच्या इतिहासाचं पुस्तक आलं की आधी रेल्वेची पानं काढून उभ्याउभ्या वाचायचे आणि एवढंच बोलायचे, "याने गाडी पाहिलीये" नाहीतर "याने नाही पाहिली." त्यांचा अंदाज फार क्वचित चुकला. जो लेखक तुम्हाला माहीत असलेल्या पानावर ठोकळेबाज लिहितो तो माहीत नसलेल्या पानांवर काही वेगळं करत नसतो. मग सूचीतच बघायचं की नुसती पुढाऱ्यांची नावं आहेत की खाती, कायदे, गावं, रकमा, संस्थाही आहेत, कारण सत्ता चालते ती त्यातून. आणि टिपा चाळायच्या, सगळे संदर्भ एकाच बाजूच्या वर्तमानपत्रांचे असतील किंवा निम्मं पुस्तक 'नाव न सांगण्याच्या अटीवर' उभं असेल तर मी ते बाजूला ठेवते, मग विचार मला पटणारे असले तरी. पटणाऱ्या विचारांचं पातळ पुस्तक सगळ्यात जास्त वेळ खातं, कारण वाचताना बरं वाटत असतं.

या प्रकारात उत्तम म्हणजे काय ते बघायचं असेल तर रॉबर्ट कॅरो. 'द पॉवर ब्रोकर' हे १९७४ चं पुस्तक न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मोझेसवर आहे, जो कधी एकही निवडणूक जिंकला नाही आणि तरी दशकानुदशकं रस्ते, पूल आणि बागा त्याच्या शब्दावर बांधल्या गेल्या. अकराशेच्या वर पानं आहेत, वजन हाताला लागतं, पण एखादं महामंडळ कायद्याच्या एका कलमाच्या जोरावर लोकनियुक्त महापौरापेक्षा बलवान कसं होतं हे त्यात पायरीपायरीने कळतं, आणि एकदा ते कळलं की कुठल्याही देशातली बातमी वाचताना नजर आपोआप त्या कलमाकडे जाते. नंतर अमेरिकेचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन याच्यावर लिहिताना कॅरो आणि त्याची बायको आयना टेक्ससच्या डोंगराळ भागात तीन वर्षं राहायला गेले, कारण शहरातून येऊन विचारलं तर तिथली माणसं मोकळं बोलत नव्हती.

हा राहायला जाण्याचा मुद्दा मला प्रवासवर्णनांकडे नेतो. प्रवासवर्णनाला मी तीन प्रश्न विचारते, किती दिवस राहिला, तिथली भाषा येत होती का, आणि लिहिलं केव्हा. तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. पॅट्रिक ली फर्मर १९३३ च्या डिसेंबरात, वयाच्या १८ व्या वर्षी, हॉलंडच्या किनाऱ्यावरून पायी निघाला, कॉन्स्टँटिनोपलला जायला. पहिलं पुस्तक 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स' आलं १९७७ मध्ये. मधे ४४ वर्षं, त्यात सुरुवातीची वही तर म्युनिकमध्ये पाठपिशवीसकट चोरीला गेली होती. म्हणजे आपण वाचतो ते साठी ओलांडलेल्या माणसाने आठवलेलं अठराव्या वर्षाचं युरोप, आणि तेही असं युरोप जे मधल्या महायुद्धाने पुसून टाकलं. हे माहीत असलं की त्याची ती नटलेली, लांबलचक वाक्यं खटकत नाहीत, उलट तो काय वाचवायला बघतोय ते दिसतं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३२५ मध्ये घरातून निघाला आणि तीसेक वर्षांनी त्याने सगळं इब्न जुझय्यला सांगून लिहवून घेतलं, त्यात दमास्कस-मक्का-मदिनेची बरीच वर्णनं आधीच्या इब्न जुबैरच्या पुस्तकातून आलेली आहेत. म्हणून पुस्तक टाकाऊ होत नाही, पण कुठलं पान पाहिलेलं आणि कुठलं उचललेलं हे सांगणारी टीपांची आवृत्ती घ्यायची, आणि मग लगेच इब्न जुबैरही वाचायचा, झाला की नाही पुढचा माग तयार. आपल्या मराठीत गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चं हेच आहे, १८५७ च्या धामधुमीतून गेलेल्या माणसाचा मजकूर छापून आला १९०७ मध्ये, चिं. वि. वैद्यांनी हात फिरवून, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी नंतर काढला, १९६६ मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून दहा पानं वाचा, संपादक काय करतो याचं याच्याइतकं चांगलं शिक्षण मला कुठे मिळालेलं नाही.

फँटसीबद्दल थोडक्यात, कारण तिथे एकच मोठा धोका आहे, न संपणाऱ्या मालिका. नवीन लेखकाची सुरुवात त्याच्या सात भागांच्या मालिकेपासून करू नका, एकच स्वतंत्र छोटं पुस्तक किंवा कथासंग्रह असेल तर तो घ्या, आणि चाचणीसाठी पहिलं पान वाचू नका, पहिल्या पानावर लेखकाने जीव ओतलेला असतो. मधलं कुठलंही पान उघडा जिथे दोन दुय्यम पात्रं बोलतायत, ती दोघं जर फक्त वाचकाला माहिती देण्यासाठी बोलत असतील तर पुस्तक परत ठेवा. माग मात्र फँटसीत फार छान निघतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टोलकीन जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता, त्याने 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यावर १९३६ मध्ये दिलेलं व्याख्यान प्रसिद्ध आहे, त्याला फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्याचं वेड होतं, तेव्हा त्याच्यानंतर त्याची नक्कल करणारे शंभर वाचण्यापेक्षा त्याने ज्यातून घेतलं तिकडे उलट जा.

पुरस्कारांचा उपयोग होतो, फक्त कोण ठरवतं ते लक्षात ठेवायचं. ह्युगो १९५३ पासून आहे आणि तो वर्ल्डकॉन या सायफाय संमेलनाच्या सभासदांच्या म्हणजे वाचकांच्या मतांवर, नेब्युला लेखकांच्या मतांवर, आर्थर सी. क्लार्क पुरस्कार परीक्षकमंडळाचा, आणि त्याचा पहिलाच मान १९८७ मध्ये मार्गारेट ॲटवुडच्या 'द हँडमेड्स टेल'ला गेला. मी विजेत्यापेक्षा दहा वर्षांपूर्वीची अंतिम नामांकनं बघते, आणि एकच नाव वाचकांच्या आणि परीक्षकांच्या, दोन्हीकडच्या नामांकनात असेल तर ते लगेच टिपते.

शेवटचं, हे चार प्रकार तुम्ही वेगळे धरताय ते धरू नका. टॉमस मोरचं 'युटोपिया' १५१६ चं, एक प्रवासी भेटतो, त्याच्याशी बोलता बोलता इंग्लंडमधली जमीन, चोरी, फाशी यावर वाद सुरू होतो आणि मग तो दूरच्या बेटाची हकिकत सांगतो, आता हे प्रवासवर्णन, कल्पनारम्य की राजकारण? ग्रंथालयात विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत, त्या ड्युई वर्गीकरणात 'युटोपिया'ची जागा ३२१.०७ म्हणजे राज्यशास्त्रात आहे आणि त्याचं बोट धरून आलेली 'गलिव्हर'ची सफर ८२३ म्हणजे इंग्रजी कादंबऱ्यांत, मधे पाचशे आकडे. फ्रेंच विचारवंत तॉकव्हिल १८३१ मध्ये अमेरिकेत गेला तो तिथले तुरुंग बघायला, नऊ महिने हिंडला आणि त्यातून लोकशाहीवरचं पुस्तक निघालं. कपाटं आम्ही ग्रंथालयवाल्यांनी सोयीसाठी केली आहेत, तुम्ही ती ओलांडत चला, ज्या देशाचं राजकारण वाचताय तिथलं प्रवासवर्णन आणि तिथल्या लेखकाची सायफाय एकापाठोपाठ घ्या.

आणि एक वही करा. पुस्तकाचं नाव, आणि त्याच्यापुढे ते तुम्हाला कुणी सुचवलं, माणूस असो वा दुसरं पुस्तक. वर्षभराने बघा कुणाची सुचवलेली पूर्ण झाली आणि कुणाची पन्नासाव्या पानावर अडली. सुरुवात आजच करता येईल, गेल्या दोन-तीन वर्षांत जे पुस्तक संपू नये असं वाटलं होतं ते कपाटातून काढा, ऋणनिर्देश आणि टिपा उघडा, आणि जे नाव दोनपेक्षा जास्त वेळा आलंय ते वहीच्या पहिल्या ओळीवर लिहा.